नऊ खटके

आमच्या ट्रॅकवर एक कायदा आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात: कुणाच्या नेमाबद्दल विचारायचं नाही. इंजिनाबद्दल विचारा, टायरबद्दल विचारा, घरच्या भांडणाबद्दल विचारलंत तरी कुणी रागावणार नाही. नेमाबद्दल मात्र नाही.

रेसला निघण्याआधी प्रत्येक रायडरचा काही ना काही नेम असतो. एक जण गाडीवर उजवीकडूनच चढतो. दुसऱ्याचे मोजे सहा वर्षं तेच आहेत. ते धुतो का हे विचारायची सोय नाही, पण वारा त्याच्या बाजूने आला की उत्तर मिळतं. एक म्हातारा रायडर पूर्वी पोस्टात होता, त्याला सगळे पोस्टमास्तर म्हणतात. तो चामड्याच्या सूटची चेन सात वेळा वरखाली करतो, आणि सहाव्या वेळी कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा त्याच्यापायी मागची सगळी रांग खोळंबली होती, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

मी मेकॅनिक. संशय हाच माझा धंदा. बोल्ट घट्ट आहे असं कुणी म्हणालं की मी पाना आणायला जातो. बायको म्हणते, लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही माझ्याकडे संशयानेच बघताय. फोटो पाहिला तर तसंच दिसतं, काय करणार.

माझा रायडर म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लांब हातापायांचा, गाडीवर बसला की गुडघे कोपरांना लागतात, म्हणून सगळा ट्रॅक त्याला टोळ म्हणतो. बायको ट्रॅकच्या भिंतीजवळ उंच स्टुलावर बसून स्टॉपवॉच धरते. गाडी भावाबहिणीच्या नावावर आहे. मी फक्त पाना धरणारा, आणि हे मला घरात अधूनमधून ऐकवलं जातं.

टोळाचा नेम सात वर्षांचा. आधी गाडीभोवती एक फेरी. मग हेल्मेट, त्याचा पट्टा स्वतःच्या हाताने. मग उघड्या उजव्या हाताने पुढच्या ब्रेकची शेवटची पिन. ही पिन केसांच्या पिनेएवढी. ब्रेकचे पॅड एका खिळ्यावर बसतात, तो खिळा निसटू नये म्हणून त्याच्या भोकात ती अडकवायची. चिमटीत धरावी लागते. बाकी सगळी गाडी मी जोडायची, ही पिन तेवढी त्याने घालायची. पहिल्या रेसला माझे हात ग्रीसने बरबटले होते आणि मी म्हटलं होतं, "घाल रे ती तूच." त्या दिवशी तो तिसरा आला. झालं, नेम पडला. त्याने पिन घातली की मी तिच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, आणि मग तो हातमोजे चढवायचा, डावा आधी. ठिपक्याशिवाय तो गाडीवर बसत नसे.

दोन महिन्यांपूर्वी सरावात तो पडला. पडणं आमच्याकडे सर्दीपडशासारखं. मनगटावर पडला होता, एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. तीन आठवड्यांनी परत आला आणि आल्या आल्या म्हणाला, "दाजी, नेम बदलतोय. पिन तुम्हीच घालत जा. आणि हेल्मेटचा पट्टा ताई लावेल."

बायको विरघळली. स्टुलावरून उतरून आली, त्याच्या हनुवटीखाली पट्टा दोन कड्यांतून ओवला, खेचला आणि हेल्मेटवर एक टपली मारली. "आता बघा कसा जातो ते!" मला म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. लहानपणी त्याच्या बुटाच्या नाड्या तीच बांधायची.

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. सात वर्षांचा नेम कुणी एका सकाळी सोडत नाही. पण विचारायचं नाही म्हणजे नाही. मी पिन घातली, ठिपका दिला.

त्याच दिवशी म्हणाला, ब्रेकचा लिव्हर जरा आत घ्या, दोन खटके. लिव्हर मुठीपासून किती लांब ठेवायचा त्यासाठी तिथे एक छोटी चाकी असते. फिरवली की खट् खट् वाजते. दोन खटके आत घेतले. काही दिवसांनी म्हणाला, आणखी तीन. आणि या गुरुवारी, मोसमातल्या शेवटच्या रेसला तीन दिवस उरलेले असताना, आणखी चार. एकूण नऊ. एवढ्या लांब बोटांच्या माणसाला इतका जवळ लिव्हर कशाला हवा?

मला लगेच साखऱ्या आठवला.

साखऱ्या म्हणजे आमच्या शेजारच्या निळ्या गॅरेजचा मालक. जिभेवर साखर, म्हणून साखऱ्या. त्याने आजवर माझे दोन रायडर गोड बोलून नेले, आणि दोघांनीही जाण्याआधी नेम बदलले होते. शिवाय साखऱ्याच्या गाड्यांचे लिव्हर असेच मुठीला चिकटलेले असतात, हे मी स्वतः पाहिलेलं. म्हणजे टोळ तिकडच्या गाडीची सवय माझ्या गाडीवर करून घेत होता, आणि ती सवय लावून देणारा मूर्ख मीच, स्वतःच्या हाताने खटके फिरवून.

गुरुवारचा सराव संपला तेव्हा मी टायरच्या ढिगाआड उभा राहिलो. टोळ इकडेतिकडे बघत निळ्या गॅरेजच्या मागच्या दाराने आत गेला. पाऊण तासाने बाहेर आला. उजवा हात जॅकेटच्या खिशात. साखऱ्याशी हात मिळवून आलाय, मी मनाशी म्हटलं.

"कुठे होतास रे?"

"इथेच. पाय मोकळे करत होतो."

"पाऊण तास?"

"लांब पाय आहेत, दाजी."

हसला आणि चहाचा पेला उचलला. डाव्या हाताने. आता साखऱ्या डावखुरा आहे. लगेच गुण लागला, वाटलं मला. आज हे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं, पण त्या दिवशी तो पुरावा इतका पक्का वाटला होता की मी घरी जेवताना तोही बायकोला सांगितला.

ती जेवायची थांबली. "चहा डाव्या हाताने प्यायला म्हणून माझा भाऊ फितूर झाला?"

"फक्त तेवढंच नाही. पिन सोडली. लिव्हर आत. मागच्या दाराने जाणं."

"आणि पट्टा माझ्याकडून लावून घेतो, त्याचं काय? जाणारा माणूस असं करतो?"

"जाणारा माणूसच करतो. मन खात असतं ना."

"अहो, तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटताय." ताट उचलून ती उठली.

शुक्रवारी टोळ पुन्हा निळ्या गॅरेजात गेला. शनिवारी दुपारीही गेला, आणि माझा संयम संपला. मी पुढच्या दाराने शिरलो. साखऱ्या टेबलावर पाय टाकून बसला होता.

"या या, केवढं भाग्य आमचं!"

"साखर नको. माझ्या रायडरला सोड."

"कुठला रायडर?"

"टोळ. रोज इथे कशाला येतो मग तो?"

साखऱ्याने पाय खाली घेतले. क्षणभर खरंच गोंधळल्यासारखा दिसला, मग हसायला लागला. "तुझा टोळ? मला? अरे, मागच्या दोन रेसमध्ये सातवा आणि अकरावा आलेला रायडर मी कशाला पळवू? तो आमच्या फिजिओकडे येतो. तिचं टेबल इथे आहे म्हणून इथे. मी समजत होतो, तुला ठाऊक आहे."

फिजिओ मागच्या खोलीत पट्ट्यांची गुंडाळी आवरत होती. टोळ तेवढ्यात सटकला होता. मी तिला विचारलं. तिने मान हलवली. "पेशंटचं मी कुणाला सांगत नाही."

"मी त्याचा दाजी आहे."

"तुम्ही त्याचे मेकॅनिकही आहात." तिने गुंडाळी खणात टाकली. "मग मला कशाला विचारता? गाडीला विचारा."

मी परत आलो, शटर अर्धं ओढलं आणि गाडीसमोर बसलो.

आधी ब्रेकचा लिव्हर पाहिला. आमचे रायडर पुढचा ब्रेक दोन बोटांनी दाबतात, तर्जनी आणि मधलं. सात वर्षं टोळाच्या हातमोज्याने लिव्हर आतल्या बाजूला घासून चकचकीत झाला होता. ती चकाकी आता मंदावली होती, आणि लिव्हरचं बाहेरचं टोक नव्याने चमकत होतं. तिथे अनामिका आणि करंगळी पडते. करंगळी आखूड, म्हणून लिव्हर आत. नऊ खटके आत.

मग मागच्या ब्रेकची चकती पाहिली. तापून निळी पडली होती. पुढचा ब्रेक पुरेना म्हणून तो पायाने मागचा दाबत होता. पुढचे पॅड काढून मोजले. तीन दिवसांच्या सरावात जेवढे झिजायला हवेत त्याच्या निम्मेही झिजले नव्हते. निळी चकती मला शुक्रवारीच दिसली होती. साखऱ्याकडे असंच चालवत असतील, असं म्हणून मी ती पुसून ठेवली होती.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट: तिन्ही गेलेली. म्हणून पिन नको, पट्टा नको, चहा डाव्या हाताने, उजवा खिशात. सगळं माझ्या नाकासमोर होतं. काखेत कळसा आणि मी निळ्या गॅरेजला वळसा घालत होतो. आणि तो चोरी करून लपला होता आमच्याच कायद्यामागे. नेम म्हटलं की कुणी विचारणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

इतका वेळ राग होता, तो बरा म्हणायचा. आता मला भीती वाटली. आमच्या ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडी अडीचशेच्या वेगात असते आणि पुढे डावं वळण आहे, वळणापलीकडे भिंत. तिथे करंगळीच्या भरवशावर थांबायचं?

टोळ कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसला होता. मी दार लावलं.

"हात दाखव."

"दाजी—"

"दाखव म्हणतो ना."

त्याने दाखवला नाही, पण खोटंही बोलला नाही. मान खाली घालून म्हणाला, "बधिर आहेत. येतील परत, फिजिओ म्हणते ऑपरेशन लागेल. सोमवारी जातो. एक रेस, दाजी. उद्या पहिल्या दहात आलो तर पुढच्या मोसमाची जागा पक्की. नाही तर मी बाहेर. ताईला सांगू नका."

"आणि भिंत?"

"मी लवकर ब्रेक मारतो."

"बाकीचे मारत नाहीत. मागून येऊन आदळतील तुझ्यावर."

मी सरळ बायकोकडे गेलो आणि सगळं सांगितलं, लिव्हर, चकती, पॅड. तिने टोळाला बोलावलं. "हे काय म्हणतायत? तुझा हात गेलाय?"

टोळाने माझ्याकडे पाहिलं नाही. "दाजींना संशयाचा रोग आहे, ताई. मनगट जरा आखडतं, तेवढं चोळून घेतो."

"मघाशी तू मला काय म्हणालास?" मी ओरडलो.

"काही नाही म्हणालो."

बायको माझ्याकडे वळली. "परवा तो साखऱ्याकडे निघाला होता. आज त्याचा हात गेला. उद्या काय, तो मुळात माझा भाऊच नाही म्हणाल?"

लांडगा आला रे आला, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय. त्यातला गुराखी मी होईन असं वाटलं नव्हतं. ट्रॅकच्या डॉक्टरांकडे गेलो तर टोळाचे कागद बिनचूक होते: हाड शाबूत. नसांचं त्याने सांगितलं नव्हतं, मग लिहिणार कोण? आणि गाडी तर माझी नव्हतीच. तिला थांबवू शकत होती ती एकच बाई, आणि ती माझ्याकडे पाठ करून स्टॉपवॉचचा सेल बदलत होती.

रविवारी रेस अकराला. मी सकाळी नेहमीसारखी गाडी जोडली, बोल्टांवर पिवळे ठिपके दिले. फक्त शेवटची पिन घातली नाही. स्वच्छ फडक्यावर ती सीटवर ठेवली.

टोळ सूट घालून आला. गाडीभोवती फेरी मारताना पुढच्या चाकाशी थांबला.

"पिन राहिली, दाजी."

"राहिली नाही. तुझी आहे."

"नेम बदललाय माझा."

"तुझा बदलला, माझा नाही. तू पिन घालायचीस, मी ठिपका द्यायचा. सात वर्षं असंच चाललंय."

बायको पट्टा लावायला आली होती. "अहो, निदान आजच्या दिवशी तरी!"

"तू तुझं काम कर. मी काही म्हणत नाही."

तिने पट्टा ओवला, खेचला, टपली मारली. मग मला ऐकू जाईल अशा बेताने भावाला म्हणाली, "घाल ना रे ती पिन एकदाची. यांचं समाधान होऊ दे."

टोळ सीटकडे बघत राहिला. मग उजवा हात पुढे केला. फडक्यावरून पिन उचलायला त्याला तळहाताच्या कडेने ती ओढावी लागली. अनामिका आणि करंगळीच्या मध्ये धरली, चाकाशी गुडघ्यावर बसला, भोकाजवळ नेली. पडली. सिमेंटवर बारीक आवाज झाला.

बायको म्हणाली, "हळू. घाई नाही."

त्याने पुन्हा उचलली. पुन्हा पडली. यावेळी त्याने डावा हात पुढे केला.

"उजव्याने," बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुझा नेम उजव्या हाताचा."

तिसऱ्यांदा पिन त्याच्या दोन बोटांत होती आणि तिला आधार द्यायला अंगठा यायला हवा होता. अंगठा आलाच नाही. सगळे रांगेत या म्हणून भोंगा वाजला. शेजारून पोस्टमास्तरांची गाडी गेली, मग मोजेवाल्याची. टोळ तसाच बसून होता, पिन त्याच्या बुटाजवळ.

मला म्हणता आलं असतं, बघ. मी तोंड उघडलं नाही.

बायको त्याच्यासमोर बसली. त्याचा हात उलटा करून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या पेरावर नख टेकवलं.

"लागतंय?"

तिने नख रुतवलं. कातडीत पांढरा चंद्र उमटला, मग लाल झाला. त्याने हात मागे घेतला नाही. तो तिच्याकडे बघत होता, हाताकडे नाही.

"लागतंय का रे?"

"नाही, ताई."

तिने हात सोडला. दोन्ही हात त्याच्या हनुवटीखाली नेले आणि पट्टा कड्यांतून उलटा काढायला लागली. वेळ लागला. "सहा वेळा लावला मी हा," ती म्हणाली. "सहा वेळा. मला वाटलं, तुला माझ्या हाताचा आधार वाटतो."

"वाटतो की."

"तसा नको होता रे मला." पट्टा सुटला. तिने हेल्मेट उतरवून मांडीवर घेतलं आणि रडायला लागली, भोंगा पुन्हा वाजला तरी रडतच होती.

रेस आमच्याशिवाय सुटली. एवढा आवाज झाला की शटर थरथरलं. मी खरा ठरलो होतो, आणि आयुष्यात इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. पुढच्या मोसमाची जागा गेली, टोळालाही ते कळत होतं. तो टायरवर बसून गाड्यांचा आवाज सरळ पट्ट्याच्या शेवटी खाली उतरताना ऐकत होता, एकेक करून. तिथे सगळे ब्रेक मारतात.

मी पिन उचलली, भोकात घातली आणि ठिपका दिला. गाडी कुठेच जाणार नव्हती, पण हाताला राहवेना.

"दाजी," टोळ म्हणाला. "शनिवारचं... मी तुम्हाला खोटं पाडलं."

"मी तुला फितूर ठरवलं होतं. फिटलं."

तो टायरवरून उठून गाडीजवळ आला. "लिव्हर पहिल्या जागी घ्या. परत येईन तेव्हा तिथेच लागेल मला."

मी चाकी उलटी फिरवायला लागलो. खटका वाजला की तो मोजत होता. एक. दोन. तीन. आठपर्यंत आला आणि त्याचा आवाज फुटला. नववा हिने मोजला.